भावोजींची अर्धी भिंत

आमच्या भावोजींना 'नाही' म्हणता येत नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जिभेत काही दोष नाही, तासन्‌तास गप्पा मारतात. पण हा एक शब्द त्यांच्या घराण्यात कोणी वापरतच नाही. त्यांचे थोरले भाऊ तसेच, धाकटी बहीणही तशीच. एखादी गोष्ट नको असली की ही माणसं म्हणतात, "बघू या की." अगदीच नको असली तर म्हणतात, "तुम्ही म्हणाल तसं." आमच्या घरी सगळं उलटं. आमच्याकडे पोर आधी 'नाही' म्हणायला शिकतं आणि मग 'आई'. त्यामुळे लग्नानंतर पहिली काही वर्षं ताईला सासर फार गोड वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण करतो ती भाजी इथे एकालाही आवडत नाही, आणि रोज सगळे ती संपवतात.

भावोजींची सगळी नोकरी बस आगाराच्या चौकशी खिडकीत गेली. नाही न म्हणणारा माणूस चौकशीला बसवायचा, हे ज्याला सुचलं त्याला कोपरापासून नमस्कार. गाडी रद्द झाली तरी भावोजी 'रद्द' म्हणायचे नाहीत. "येईल, बसा जरा," म्हणायचे, आणि माणूस फारच वेळ बसला की त्याला आपल्या डब्यातलं खायला द्यायचे. एकदा एका बाईंनी चिडून त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ठरवली. तक्रार कुठे करायची ते विचारायला त्या चौकशी खिडकीशीच आल्या. भावोजींनी त्यांना पेन दिलं, मजकूर सांगितला आणि शेवटी "अजून थोडं कडक लिहा" असंही सुचवलं.

तर असे हे भावोजी निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांचे वडील गेले, आणि त्यांनी घर दुरुस्तीला काढलं.

घर त्यांच्या वडिलांचं. गल्लीच्या वळणावर, अरुंद, दोन मजली. खाली तीन खोल्या एकामागे एक, वर दोन, मागे अंगण आणि अंगणाला लागून न्हाणीघर. म्हाताऱ्याला हाताने दुरुस्त्या करायची भारी हौस. खिळा, तार, दोरी आणि मूठभर सिमेंट यांतून त्याने सगळं निभावलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर हात झटकत म्हणायचा, "तात्पुरतं आहे, नंतर नीट करू." शेवटची काही वर्षं तो अंथरुणाला खिळून होता, उचलून खुर्चीत बसवावं तेवढंच. त्याचं सगळं भावोजींनी आणि ताईने केलं. थोरले भाऊ नोकरीमुळे लांबच्या शहरात, धाकटी बहीण लग्न होऊन दुसरीकडे. दोघं अधूनमधून येत, उभ्याउभ्या बघून जात. थोरले तर पुढे पुढे येईनासेच झाले. फोन करायचे फक्त.

वडिलांचं सगळं आटपल्यावर त्यांचा असाच एक फोन आला. म्हणाले, "घराचं काय ते एकदा बघायला हवं रे."

एवढंच वाक्य. ते ऐकून भावोजी माझ्या सायकलच्या दुकानात येऊन बसले ते उठेचनात. मी पंक्चर काढत होतो. म्हणाले, "दादाला घर विकायचंय."

"असं म्हणाले ते?"

"म्हणायला कशाला हवं? मला कळतं ना."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हा प्रश्न त्यांना जन्मात कोणी विचारलेला नसावा. म्हणाले, "मला इथंच राहायचंय रे. माझा जीव इथंच रमतो."

"मग उचला फोन आणि सांगा!"

"असं कसं सांगायचं? घर तिघांचं आहे. मी म्हटलं तर ते दोघं माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणतील आणि मनात कुढत बसतील. त्यापेक्षा घर इतकं छान करतो, की त्यांनाच वाटलं पाहिजे हे विकू नये. बोलायची वेळच यायला नको."

घर पाहावं बांधून म्हणतात. ते म्हणणाऱ्याने जुनं घर दुरुस्तीला काढून पाहिलेलं नसणार, नाहीतर म्हणीत त्याला पहिला मान मिळाला असता.

गवंडी मिळाला तो भावोजींना साजेसाच. काहीही विचारा, त्याचं उत्तर, "होऊन जाईल." आम्ही त्याचं नावच 'होऊन जाईल' ठेवलं. कधी होईल, कसं होईल, याविषयी तो बोलत नसे. ताई म्हणाली, "अहो, ह्याला एखादा उलटा प्रश्न विचारून बघा." भावोजींनी विचारलं, "पाया खचेल का रे?" तो म्हणाला, "होऊन जाईल."

पहिला धडा कपाटाने दिला. मधल्या खोलीत एक अवजड लाकडी कपाट भिंतीला टेकून उभं होतं. चार माणसं लावून ते सरकवलं, आणि भिंत हळूच पुढे आली. तेव्हा कळलं, कपाट भिंतीला टेकलेलं नव्हतं, भिंत कपाटाला टेकलेली होती. म्हाताऱ्याचं तात्पुरतं! सगळ्यांनी धावत जाऊन कपाट परत जागेवर रेटलं, सगळ्यात पुढे 'होऊन जाईल'.

मग तारा. न्हाणीघराचा दिवा लावला की दारावरची घंटा वाजायची, हे घरच्यांना इतकं सवयीचं झालं होतं की त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. कोणी आंघोळीला गेलं की ताई दार उघडायला जायची आणि परत यायची. वायरमनने भिंत खोदली तर आत तारेला तार, तिला चिकटपट्टी, तिला दोरी, आणि एका जागी चक्क बुटाची नाडी. तो माणूस स्टुलावरून खाली उतरला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं जिवंत कसे?" भावोजींना वाईट वाटलं. वडिलांवर कोणी बोललेलं त्यांना खपत नाही. पण तेही त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्याला चहा दिला.

छताचं पाणी म्हाताऱ्याने एका नळीतून खाली आणलं होतं. ती नळी उपसून काढल्यावर पाणी कुठून कुठे जात होतं याचा कोणालाच पत्ता लागेना. एक गळती बुजवली की दुसरी दोन हातांवर उघडायची. शेवटी ताईने सगळ्या बादल्या मोकळ्या ठेवल्या आणि "आता कुठेही गळा" असं छताला बजावून ती माहेरी, म्हणजे माझ्याकडे, येऊन बसली.

इथवर झालं ते कोणत्याही जुन्या घरात होतं. पुढे जे झालं ते फक्त ह्याच माणसांच्या हातून होऊ शकतं.

काम चालू आहे म्हटल्यावर थोरले आणि धाकटी बहीण एकेकटे येऊन पाहून जाऊ लागले. भावोजी हरखले. "बघ, जीव अडकलाय त्यांचा," असं मला सांगायचे. त्या दोघांना काही बदल हवासा वाटला, तर तो भावोजींना कसा सांगणार? त्याचं मन मोडेल! म्हणून ते निघताना गवंड्याच्या कानात सहज म्हणून सांगून जायचे. गवंडी म्हणायचा, "होऊन जाईल." आणि खरोखर करून ठेवायचा, हा त्याचा दुर्गुण.

थोरले म्हणाले, पुढची खोली कोंदट वाटते, मधली भिंत पाडली तर ऐसपैस होईल. आठवड्याने बहीण आली. ती म्हणाली, ही भिंत मात्र राहू दे हं, हिच्यामागे माझी खोली होती. 'होऊन जाईल'ने विचार केला आणि भिंत कमरेपर्यंत ठेवून वरची पाडली. कपाट आता त्या अर्ध्या भिंतीच्या मागून मान वर काढून रस्त्याकडे बघू लागलं.

मी भावोजींना विचारलं, "हे काय आहे?"

ते म्हणाले, "दोघांचंही ऐकलं गेलं की."

स्वयंपाकाच्या ओट्याची तीच गत. थोरल्या जाऊबाई उंच, त्यांनी येऊन ओटा उंच करायला सांगितला. नणंदबाईंना खुर्चीत बसून काम करायची सवय, त्यांनी बुटका सांगितला. आमची ताई मधल्या उंचीची, आणि रोज रांधणार ती. तिला कोणीच विचारलं नव्हतं. तिने मात्र गवंड्याला बखोटीला धरून आपलं माप सांगितलं. ओटा तीन पायऱ्यांचा झाला. वर शेगडी, मध्ये चिरायची जागा, खाली भांडी घासायची. पातेलं उतरवायचं तर ते पायरी पायरीने खाली येतं. न्हाणीघराला एक दार अंगणातून पडलं, एक घरातून, कारण दोघांनी दोन सांगितली होती. आत गेल्यावर दोन कड्या लावाव्या लागत आणि माणूस हमखास एक विसरत असे. गल्लीतला दूधवाला त्या काळात फार खाली मान घालून चालायला लागला.

आणि रंग! एकाने पांढरा म्हटलं, एकीने पिवळा. रंगारी काय करणार, त्याने दोन्ही एकत्र केले. ताई म्हणाली, कावीळ उतरत आलेल्या माणसाचा रंग आहे हा. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तिने शेवटी भावोजींना समोर बसवलं. मी होतो तिथे. म्हणाली, "'नाही' म्हणा. नुसतं म्हणून दाखवा. मी विचारते. तुम्हाला चहा हवा?"

"तसा… चालेल."

"आत्ताच घेतलाय तुम्ही! हवा का?"

"तू टाकत असशील तर घेतो."

"नसेन टाकत तर?"

"मग राहिलं."

"'राहिलं' म्हणजे नाही का?"

"म्हणजे… बघू या की."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "अहो, घर जाईल हातचं! त्यांना सांगा तरी, की मला इथं राहायचंय."

"कळतं गं त्यांना," भावोजी म्हणाले. "सख्खी माणसं आहेत. सांगावं लागतं का?"

मी म्हटलं, मी सांगतो. तर दोघंही माझ्यावर उखडले. ताईसुद्धा. त्यांच्या घरातलं त्यांनीच बोलायचं, बायकोच्या भावाने नाक खुपसायचं नाही. ठीक आहे. आम्ही आपली हवा भरतो.

काम संपलं. म्हणजे गवंड्याला दुसरीकडे काम मिळालं. थोरल्यांनी फोन करून कळवलं, रविवारी आम्ही सगळे येतो, आता सोक्षमोक्ष लावून टाकू. भावोजींनी फरशी स्वतः पुसली. खिडक्यांच्या काचांवर रंगाचे ठिपके होते, ते ब्लेडने खरवडून काढले. वरच्या एका खोलीत थोरल्यांसाठी खाट घातली, दुसरीत बहिणीसाठी, आणि दोन्हींवर नव्या चादरी. माझ्या दुकानातून तेलाचा डबा नेला आणि एकूण एक बिजागरीला तेल घातलं, न कुरकुरणाऱ्यांनाही.

रविवारी थोरले आले, जाऊबाई आल्या, बहीण आली. आणि त्यांच्यासोबत एक जाडजूड, हसतमुख गृहस्थ आले. थोरल्यांनी ओळख करून दिली, "हे औषधांचं दुकान चालवतात. घर बघायचंय त्यांना. घ्यायच्या विचारात आहेत."

भावोजींचा चेहरा पडला. पण तोंडातून काय निघालं? "या, या. बसा. चहा घेणार ना?"

मग त्यांनी त्या माणसाला स्वतः घर दाखवलं. स्वतः! मी मागे मागे. मला वाटलं, निदान ही वेडीविद्री वास्तू पाहून पाहुणा पळून तरी जाईल. अर्धी भिंत पाहून तो थबकला. म्हणाला, "वा! माझी आई आत पडून असते. उशाला टेकून बसली की तिला तिथून रस्ता दिसेल, आणि आडवी झाली की ती कोणाला दिसणार नाही." ओटा पाहून तर त्याने टाळीच वाजवली. त्याची बायको उंच, बहीण पायाने अधू, बसून काम करणारी. न्हाणीघराची दोन दारं पाहून म्हणाला, दुकानातून आलं की परस्पर अंगणातून हात-पाय धुता येतील. रंगसुद्धा त्याला आवडला. बोंबला! इतक्या खटपटी करून भावोजींनी घर नेमकं दुसऱ्याच माणसाच्या मापाचं करून ठेवलं होतं.

सगळे पुढच्या खोलीत बसले. पाहुणा म्हणाला, "मला पसंत आहे. तुमचं तिघांचं काय ते सांगा, म्हणजे मी उद्याच बोलणी करतो."

थोरले बहिणीकडे बघत म्हणाले, "हिचं काय म्हणणं आहे ते बघू."

बहीण म्हणाली, "दादा म्हणेल तसं."

मग दोघंही भावोजींकडे पाहू लागले. थोरले म्हणाले, "ह्याचीच तर इच्छा आहे. एवढी दुरुस्ती त्यासाठीच केली त्याने. हो ना रे?"

ताई ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. भावोजींनी तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. मान होकाराकडे झुकायला लागली होती, मी शपथेवर सांगतो, सवयीने ती खाली निघालीच होती.

"नाही," ते म्हणाले.

आवाज इतका लहान होता की पाहुण्याला ऐकूच आलं नाही. थोरले म्हणाले, "काय नाही?"

"नाही विकायचं. मला राहायचंय इथं." आणि एकदा फुटल्यावर त्यांना आवरेना. "मला कुठंही जायचं नाही, दादा. तुम्हाला आवडावं म्हणून केलं हे सगळं. तुम्ही यावं म्हणून. विकायला नाही केलं. नाही, नाही, नाही."

पाहुणा समजूतदार निघाला. त्याने कप ठेवला, "आधी सांगितलं असतंत तर मी आलोच नसतो," एवढं म्हणाला आणि गेला. त्याचं बरोबरच होतं.

मला वाटलं, आता थोरले भडकणार. चारचौघांत मान खाली गेली होती त्यांची. पण भडकली ती बहीण. रडत रडत भडकली. "मग इतके दिवस तोंडाला काय कुलूप होतं? आम्हाला वाटलं तुला सुटायचंय इथून! बाबांचं सगळं तू काढलंस. ह्याच खोलीत, रोज. आम्ही दोघं मोकळे झालो आणि तू मागे राहिलास. मी दादाला म्हटलं, आता तरी त्याला ह्या घरातून सोडवू या. मला काय हौस होती घर विकायची?"

"तुला नव्हतं विकायचं?" थोरल्यांनी तिला विचारलं.

"तुला होतं?"

थोरल्यांनी नकाराची मान हलवली. मग ते भावोजींकडे वळले. "मी येत नव्हतो ना रे इकडे, ते कामामुळे नव्हे. मला तुला तोंड दाखवायची लाज वाटायची. मी शिकायला गेलो, तिकडेच राहिलो, आणि म्हातारा तुझ्या गळ्यात पडला. दर वेळी दारात तू उभा दिसायचास, हसत, आणि मला वाटायचं, ह्याचं आयुष्य मी खाल्लं. बाबांच्या शेवटच्या आजारातसुद्धा मी तेवढ्यासाठी आलो नाही."

भावोजी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना खरोखर काही समजत नव्हतं.

"पण मला आवडायचं की रे, दादा," ते म्हणाले. "बाबा आणि मी रोज संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून बसायचो. ते बोलायचे, मी ऐकायचो. मी कशाला अडकतोय? मला आवडायचं."

थोरल्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एवढा मोठा माणूस, केस पिकलेला, लहान पोरासारखा हुंदके देत होता. बापाची शेवटची वर्षं ते ज्या लाजेपायी लांब राहिले, तिला काही कारणच नव्हतं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते ह्या घरात कोणी बोललं नव्हतं. मला आधी राग आला, अस्सा राग, की तिघांना एका ओळीत उभं करून झापावं. मग नुसतंच वाईट वाटलं.

ताईने पातेलं खाली ठेवलं आणि थोरल्यांना पाणी आणून दिलं. ते पाणी प्यायले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कुठे बसायचे बाबा?"

भावोजी उठले आणि दोन खुर्च्या दारात नेऊन ठेवल्या. बहीण म्हणाली, "आणि मला?" तेव्हा तिसरी आणली. जाऊबाई गाडीची वेळ झाली म्हणत होत्या, पण थोरले उठले नाहीत. "बाबा काय बोलायचे ते सांग," ते म्हणाले, आणि भावोजी सांगू लागले.